जुन्या गोव्याची बाजारपेठ

धान्याच्या पेढीवर जन्म घालविलेल्यास स्थलदर्शनाची हौस परवडत नाही, असे आम्ही आजवर म्हणत आलो. तथापि गेल्या हिवाळ्यात नातवाच्या आग्रहास्तव जुने गोवे पाहण्याचा योग आला. युरोपीय धर्तीचे पुरातन नगर पाहण्यास सातासमुद्रापार जावे लागत नाही. आम्हां डिचोलीकरांस ते दोन फेरीबोटींच्या अंतरावर आहे.

प्रातःकाळी नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय पाहिले. दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केल्यावर देव येथे आला आणि १६६८ मध्ये श्रीशिवछत्रपतींनी मंदिराचा जीर्णोद्धार करविला. तेथून फेरीबोटीने दिवाडी व दुसरीने मांडवी ओलांडून जुने गोवे गाठले.

धक्क्यावरून निघताच व्हाइसरॉयची कमान लागते. मूळची १५९९ ची. १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. नवा व्हाइसरॉय तिच्याखालूनच नगरप्रवेश करी. पुढे सेंट झेवियर यांचे पार्थिव जतन केलेली, १६०५ ची बॉम जेझूची बासिलिका. समोर से कॅथेड्रल, ज्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा एकाकी उभा आहे.

परंतु आमचे पाऊल थबकले ते कमानीमागील रस्त्यावर. हाच तो ‘रुआ दिरैता’, अर्थात सरळ रस्ता. १५८३ ते १५८८ येथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने येथील सकाळच्या लिलावांचे वर्णन केले आहे. अरबी घोडे, मसाले, जवाहीर आणि हरहर! माणसेही येथे विकली जात. पुढे डचांनी समुद्रावरील व्यापार हिरावला, साथींनी वस्ती उठविली, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीस गेला. त्या पेढ्यांपैकी आज एकही उभी नाही.

नातवाने विचारले, “आजोबा, इथले व्यापारी गेले कुठे?”

“जिथे माल उतरू लागला, तिथे गेले, बाळ,” आम्ही उत्तरलो आणि आपलेच उत्तर ऐकून स्तब्ध झालो.

कारण अरुंद गल्लीत मालमोटार शिरत नाही, सबब गोदाम हमरस्त्यावर न्यावे, असे आमचे चिरंजीव दोन वर्षे विनवीत होते; आणि वडिलार्जित जागा म्हणून आम्ही नकार देत होतो.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नेम असल्याने वेळेवर घरी परतलो. भोजनोत्तर चिरंजीवांस जवळ बोलावून संमती दिली. जुन्या पेढीवरील सांजेची दिवाबत्ती मात्र, आम्ही हयात असेतो, आमच्याच हातून होईल.