सहा-सात शेजारी

ज्वारीच्या रानावर भोरड्यांचा थवा उतरताना तुम्ही पाहिला असेल. गोफण फिरली की हजारो पाखरं एकदम उठतात, एकदम वळतात. त्यांना हुकूम कोण देतं?

भोरडीच्याच भावकीतले स्टारलिंग पक्षी हिवाळ्यात रोम शहरात येतात. त्यांच्यापायी आंद्रेआ काव्हान्या आणि इरेने जार्दिना या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी आपली वाट बदलली.

दोघे मूळचे विस्कळीत प्रणालींचे अभ्यासक. तांब्यात थोडं लोखंड मिसळलं की लोखंडाचा प्रत्येक अणू इवल्या चुंबकासारखा वागतो. एक शेजारी म्हणतो, माझ्या दिशेला तोंड कर; दुसरा म्हणतो, उलट कर. लग्नाच्या पंगतीत मामांजवळ बसावं तर काका रुसतात, तशी गत! याला ‘स्पिन ग्लास’ म्हणतात. त्याच्या गणिताची वाट जॉर्जो पारिसी यांनी १९७९मध्ये दाखवली. २०२१मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पाखरांच्या कामात पारिसीही होते. जमलेला विषय सोडून जीवशास्त्राच्या दारात पुन्हा विद्यार्थी होऊन उभं राहणं सोपं नसतं. पण विषय बदलला तरी प्रश्न जुनाच होता : शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी नातं कळलं, तर साऱ्या समूहाचं वागणं कळेल का?

रोमच्या रेल्वे स्टेशनासमोर पालात्सो मास्सिमो हे संग्रहालय आहे. त्याच्या गच्चीवर कॅमेरे लावून एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून थव्याचे फोटो घेतले. एका फोटोतला ठिपका दुसऱ्या फोटोत नेमका कोणता, हे ओळखणं महाकठीण. तिथे जुन्या भौतिकशास्त्राचंच गणित उपयोगी पडलं. मग हवेतल्या प्रत्येक पाखराची जागा सापडली.

२००८मध्ये निष्कर्ष छापून आला. ठरावीक अंतराच्या आत असेल त्या प्रत्येकाकडे पाखरू लक्ष देतं, असा तोवरचा समज होता. प्रत्यक्षात ते जवळच्या सरासरी सहा-सात जणांशीच नातं राखतं, मग ते हातभर दूर असोत वा चार हात. म्हणून बहिरी ससाण्याने झडप घातली, थवा ताणला गेला, तरी तो तुटत नाही. नातं अंतरावर असतं, तर पांगलेलं पाखरू एकटं पडलं असतं आणि ससाण्याला सापडलं असतं.

मी बी.ए. झालेला माणूस. यातलं गणित मला कळलं, असं म्हणणार नाही. पण आमच्या मोहल्ल्यातून रुंद रस्ता गेला, घरं पांगली, कुणी गावाच्या पार टोकाला गेलं. तरी ईदचा शीरखुर्मा आजही त्याच सहा-सात घरी जातो, आणि दिवाळीचा फराळ तिथूनच येतो. एवढं मला कळतं.