शिकागो एवढं वाढलं कशामुळे?

शिकागो म्हटलं की आपल्याला 1893 ची सर्वधर्म परिषद आणि विवेकानंद आठवतात. त्याच्या साठ वर्षं आधी ते सरहद्दीवरचं काहीशे वस्तीचं गाव होतं. लोकसंख्या 1840 मध्ये 4,470 आणि 1890 मध्ये 10,99,850! एवढ्या वाढीभोवती दंतकथा जमणारच.

अमेरिकेच्या पश्चिमेकडची शहरं सोन्यामुळे फुगली, हा लाडका समज. सॅन फ्रान्सिस्कोपुरता तो खरा आहे. शिकागोत सोनं नव्हतं. तिथे गहू आला. मिशिगन सरोवराला इलिनॉय नदीमार्गे मिसिसिपीशी जोडणारा कालवा, शहरातली पहिली रेल्वे आणि व्यापाऱ्यांचं ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ हे सगळं 1848 या एकाच वर्षातलं. आधी गहू पोत्यांतून यायचा आणि हमालांच्या पाठीवरून जहाजात चढायचा. मग वाफेवरची उंच कोठारं उभी राहिली. वाघिणीतला सुटा गहू पट्ट्यावरच्या बादल्यांनी वर चढायचा आणि नळीतून थेट जहाजात उतरायचा. बोर्डाने प्रतवारी ठरवून दिल्यावर दहा शेतकऱ्यांचा माल बिनदिक्कत एकत्र करता येऊ लागला आणि कोठाराच्या पावत्याच बाजारात विकल्या जाऊ लागल्या. व्यापार आला की कामं आली, कामामागे माणसं. 1865 मध्ये गुरांचा प्रचंड बाजार सुरू झाला आणि मांस कारखान्यांनी आणखी हजारोंना ओढून घेतलं.

घराघरांत मुलं जास्त होती म्हणून शहर वाढलं, असंही म्हणतात. पण तिथे पिण्याचं पाणी घाण होतं आणि कॉलऱ्याच्या साथी वरचेवर येत, त्यामुळे मृत्यूही पुष्कळ होत. खरी भर बाहेरच्यांची. 1850 मध्ये निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले होते, त्यांत आयरिश आणि जर्मन पुष्कळ.

‘जमीन मोकळीच होती’ हेही चूक. 1833 च्या करारानंतर पोटावाटोमी आदी मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं.

1871 च्या आगीने शहर मागे पडलं? साधारण एक लाख लोक बेघर झाले, हे खरं. पण गुरांचा बाजार आणि बहुतेक रेल्वेमार्ग वाचले. दहा वर्षांत लोकसंख्या तीन लाखांवरून पाच लाखांवर गेली.

आणि 1890 चे ते अकरा लाख? सगळे काही नव्याने आलेले नव्हते. 1889 मध्ये शेजारच्या वस्त्या शहरात सामील केल्या गेल्या. त्यातून दोन लाखांहून अधिक माणसं घर न बदलताच शिकागोकर झाली.