वजा आहे, मग आलेख उजवीकडे का?

अकरावीची पुस्तकं घ्यायला पोरांची गर्दी झाली, की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानांसमोर हे हमखास कानावर पडतं. एखादा बारावीतला दादा धाकट्याला सांगत असतो, "साईन-कोसाईनमध्ये कंसात सगळं उलटं असतं. वजा दिसलं की उजवीकडे, अधिक दिसलं की डावीकडे. का ते विचारू नको, पाठ कर."

नियम बरोबर आहे, पण त्यात उलटं काहीही नाही. आणि गणितात 'का ते विचारू नको' म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नये.

इथल्याच एखाद्या गच्चीवर आडवं ठेवलेलं सोलर पॅनेल घ्या. २१ मार्चच्या आसपासचा निरभ्र दिवस. हवेचा परिणाम सोडला, तर पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाचा दिवसभराचा आलेख म्हणजे कोसाईनचा उंचवटा. सूर्य तासाला १५° सरकतो, म्हणून सूर्य बरोबर १२ वाजता माथ्यावर येणाऱ्या गावात तो आलेख कोसाईन १५(वेळ − १२) असा होईल. पण आपलं घड्याळ १९०६ पासून ८२.५° रेखांशाचं आहे, म्हणजे मिर्झापूरकडचं. आपलं शहर आहे ७५.३° वर. अंशाला ४ मिनिटं धरली, तर इथे सूर्य सरासरी २९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. शंका असेल तर गच्चीवर काठी उभी करा आणि सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जरा आधी, फेब्रुवारीत पावणेएकच्या आसपास. ठीक १२ ला वर्षात एकदाही नाही.

सोयीसाठी अर्धा तास धरू. शिखर साडेबारावर गेलं, म्हणजे आलेख उजवीकडे सरकला. आता सूत्र काय? इथल्या घड्याळात साडेबारा वाजले असताना सूर्याचे १२ वाजलेले असतात. सूर्याची वेळ हवी तर घड्याळातून अर्धा तास वजा करावा लागतो. म्हणून कोसाईन १५(वेळ − १२.५). वजाबाकी घड्याळाच्या वेळेतून झाली, आलेखातून नव्हे. आलेखाला उशीर झाला आणि तो उशीर काढून टाकायला कंसात वजा आलं. पाठ काय करायचं त्यात?

दुसरा घोटाळा याच सूत्रात आहे, आणि तो मार्क खातो. कंस सोडवला की कोसाईन (१५ × वेळ − १८७.५) असं दिसतं. लगेच उत्तर येतं: आलेख १८७.५ ने सरकला. अरे, दिवस २४ तासांचा! १८७.५ हे अंश आहेत, तास नव्हेत. १५ ने भागा, १२.५ मिळतील. साईन (२क्ष − ६०°) चंही तेच: सरकणं ३०°, ६०° नव्हे. कंस शून्य कधी होतो ते पाहिलं तर भागायचं लक्षातही ठेवावं लागत नाही.

बाकीचे किरकोळ. आडवं सरकवल्याने आलेखाची उंची बदलते? नाही, रुंदीही नाही. कोसाईनचा आलेख वेगळ्या जातीचा? नाही, तो ९०° डावीकडे सरकवलेला साईनच. उत्तर एकच असतं? साईनचा आलेख ६०° उजवीकडे न्या किंवा ३००° डावीकडे, कागदावर तीच रेघ.

थ्री फेजमध्ये तिप्पट व्होल्टेज असतं, हाही गैरसमज याच आलेखांचा. प्रत्येक फेज २३० व्होल्टचीच. तिन्ही साईन आलेख एकमेकांपासून १२०° सरकलेले, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेत ६.७ मिलिसेकंदांनी. त्या सरकण्यामुळे दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट मिळतात, ६९० नव्हे.

आणि डावं-उजवं हा फक्त कागदावरचा वाद आहे असं वाटत असेल, तर विहिरीवरची मोटार पाहा. वायरिंग करताना कुठल्याही दोन फेज अदलाबदल झाल्या, की उजवीकडे १२०° सरकलेला आलेख मोटारीच्या दृष्टीने डावीकडे सरकलेला होतो. वजाचं अधिक झालं, एवढंच. मोटार उलटी फिरते, पाणी धड वर येत नाही, आणि वायरमन येऊन त्यातल्या दोन वायरी पुन्हा बदलून देतो.