स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी : उद्दिष्टे कोणाची, मोजमाप कशाचे?

कोणत्याही शिक्षणक्रमाची उद्दिष्टे दोन ठिकाणी लिहिलेली असतात. एक माहितीपुस्तकात आणि दुसरे प्रश्नपत्रिकेत. माहितीपुस्तकात समाज, नीती, पर्यावरण, राष्ट्राची उभारणी असे सारे मोठे शब्द असतात. प्रश्नपत्रिकेत मात्र गुणांनी जेवढे तोलले जाते तेवढेच असते. विद्यार्थी शहाणा असतो. तो प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करतो. म्हणून एखादी पदवी खरोखर कशासाठी आहे हे समजून घ्यायचे असेल, तर त्या पदवीचे गुण कशासाठी दिले जातात, कोण देतो आणि कोणत्या मापाने देतो हे पाहावे लागते.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. रस्ता गावात कुठवर येतो आणि वस्तीच्या अलीकडे कुठे थांबतो, नळाचे पाणी कोणाच्या दारापर्यंत पोहोचते, शहराचा मैला कोणाच्या घरांशेजारून वाहतो, हे निर्णय याच अभियंत्याच्या नकाशावर उमटतात. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो प्रश्न विचारला तो मानवी हक्काचा होता. पण सार्वजनिक पाणी कोणाचे, हा प्रश्न पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक आराखड्यात आजही दडलेला असतो. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज यांचे धोरणही त्याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची पायाभरणी त्या काळात झाली, आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तिथे आहे. तंत्रज्ञान हा समाजरचनेचाच विषय आहे, हे बाबासाहेबांनी कारभारातून दाखवून दिले होते.

आपली अभियांत्रिकी महाविद्यालये मात्र वेगळ्या हेतूने जन्माला आली. रुरकीचे महाविद्यालय १८४७ चे. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल या सरकारी कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता. वरिष्ठाने आखलेले काम बिनचूक पार पाडणारा माणूस, हे त्या शिक्षणाचे उद्दिष्ट होते. असा माणूस ‘हे काम कोणासाठी?’ असे विचारीत नाही. स्वातंत्र्यानंतर अभ्यासक्रम वाढला, पदव्या वाढल्या. पण तीन तासांच्या लेखी परीक्षेत ठरावीक गणित सोडवून घेण्याची रीत फारशी बदलली नाही.

बदलाची भाषा आली ती बाहेरून. अभियांत्रिकी शिक्षणाची गुणवत्ता ठरविणाऱ्या अमेरिकेतील संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपले निकष पालटले. वर्गखोल्या किती, यंत्रे किती, अध्यापक किती, एवढे मोजून भागणार नाही. विद्यार्थ्याला शेवटी काय करता येते ते दाखवा, असे तिने महाविद्यालयांना सांगितले. हीच पद्धत वॉशिंग्टन करार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत रुजली. करार १९८९ चा. भारत त्याचा पूर्ण सदस्य जून २०१४ मध्ये झाला. आपल्याकडे अधिस्वीकृती देणारे राष्ट्रीय मंडळ, म्हणजे ‘एनबीए’, याच पद्धतीने पदवी अभ्यासक्रमांची तपासणी करते.

या पद्धतीत उद्दिष्टांचे तीन थर आहेत. पहिला थर दूरचा : पदवी घेऊन चार-पाच वर्षे झाल्यावर आपला विद्यार्थी कोणत्या प्रकारचे काम करीत असावा. दुसरा थर पदवीच्या दिवसाचा : त्या दिवशी त्याच्या अंगी कोणत्या क्षमता असाव्यात. या क्षमता आपल्याकडे दीर्घकाळ बारा होत्या. मूलभूत ज्ञान, समस्येचे विश्लेषण, संकल्पन, आधुनिक साधनांचा वापर, संघात काम करणे, संवाद अशा त्या क्षमता. आणि त्यांतच अभियंता व समाज, पर्यावरण, व्यावसायिक नीती याही होत्या. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय आराखड्यात समाज आणि पर्यावरण एकत्र करून ही संख्या अकरा करण्यात आली, आणि आपल्याकडेही नवा आराखडा त्याच धर्तीवर आला. तिसरा थर प्रत्येक विषयाचा : हा विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता येईल, याची पाच-सहा वाक्ये. विषयाची ही साध्ये पदवीच्या क्षमतांशी एका तक्त्याने जोडतात. संबंध दाट असेल तर ३, मध्यम असेल तर २, पुसट असेल तर १. परीक्षेतला प्रत्येक प्रश्न कोणत्या साध्याचा, हे लिहायचे. त्या प्रश्नाला मिळालेल्या गुणांवरून साध्य किती गाठले हे काढायचे. लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प हे प्रत्यक्ष मोजमाप. माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांची मते हे अप्रत्यक्ष.

ही पद्धत परकी म्हणून झटकून टाकण्यात अर्थ नाही. तिच्यात आपल्या उपयोगाची एक मोठी गोष्ट आहे. ज्याच्या घरात आधी कोणी अभियंता नाही, त्या मुलाला महाविद्यालयात सर्वांत जास्त नडते ते न सांगितलेले ज्ञान. ‘चांगली शीट’ म्हणजे कशी, तोंडी परीक्षेत काय अपेक्षित असते, प्रकल्पाचा अहवाल कसा लिहायचा, हे इतरांना घरातून, ओळखीतून, वरच्या वर्गातल्या भावाकडून कळते. अपेक्षा आधी लिहून जाहीर करा, असे सांगणारी पद्धत या मुलाच्या बाजूची होऊ शकते. मात्र प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते, आणि ते तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण तक्त्याची आहे. तक्त्यात ‘समाज’ या रकान्यासमोर ३ लिहिणे सोपे असते. त्याचा प्रश्न काढणे अवघड असते. मलनिस्सारणाचे उदाहरण घ्या. भुयारी गटाराचे गणित दरवर्षी परीक्षेत येते. नळाचा व्यास ३०० मिलिमीटर, उतार २०० ला १, मॅनिंगचा गुणांक ०.०१३, वेग काढा. विद्यार्थी सेकंदाला सुमारे ०.९७ मीटर असे उत्तर काढतो. गाळ साचू नये म्हणून लागणारा किमान वेग ०.६ मीटर मानतात. त्याहून हा जास्त आहे, म्हणून नळ स्वतःच स्वच्छ राहील, असे लिहून तो पूर्ण गुण घेतो. पण आपल्या शहरांतली गटारे स्वतःच स्वच्छ राहत नाहीत. त्यांत प्लॅस्टिक जाते, वाळू जाते, राडारोडा जातो. गटार तुंबते, आणि तेव्हा मॅनहोलचे झाकण उघडून कोणाला तरी खाली उतरविले जाते. खाली हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, प्राणवायू अपुरा असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते; धोक्याची सूचनाही मिळत नाही. उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो हे या देशात कोणाला सांगावे लागत नाही.

हाताने मैला उचलण्याच्या कामाला बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई करवून घेणे हा गुन्हा ठरविला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. मृत्यूची किंमत वाढविण्याची वेळ न्यायालयावर येते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. आता प्रश्न असा : ज्या पदवीच्या उद्दिष्टांत समाज, आरोग्य, सुरक्षितता आणि कायदा यांचा उल्लेख आहे, तिच्या परीक्षेत हा कायदा कोणत्या प्रश्नात येतो?

तो येऊ शकतो. त्याच गणिताला एक उपप्रश्न जोडता येतो. ही गटारवाहिनी तीन मीटर रुंदीच्या गल्लीतून जाते. सफाईचे यंत्र तिथे पोहोचत नाही. माणूस आत न उतरता तुंबलेला भाग मोकळा करता येईल अशा रीतीने मॅनहोलच्या जागा, त्यांमधील अंतर आणि यंत्राची वाट ठरवा. वाढीव खर्चाचा अंदाज द्या. हा प्रश्न काही भाषणाचा नाही. त्याला आकडे लागतात, नकाशा लागतो, दरपत्रक लागते. कायदा माहीत नसलेल्याला आणि गणित न येणाऱ्याला, दोघांनाही तो सुटणार नाही. ‘अभियंता आणि समाज’ ही क्षमता मोजायची ती अशी. निबंधाचे पाच गुण देऊन ती मोजली जात नाही.

दुसरी अडचण सरासरीची आहे. समजा, एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि विभागाने ठरविले की ७० टक्के विद्यार्थ्यांनी अपेक्षित गुण मिळविले म्हणजे साध्य गाठले. ४२ जणांनी ते मिळविले. साध्य पूर्ण झाले, तक्ता भरला, समिती समाधानाने परत गेली. आता त्याच वर्गाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. त्यात घराण्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले २० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ७ जणांनी अपेक्षित गुण मिळविले. उरलेल्या ४० पैकी ३५ जणांनी ते मिळविले. बेरीज ४२ च होते. एका गटात ३५ टक्के, दुसऱ्यात साडेसत्त्याऐंशी टक्के. आणि कागदावर सगळीकडे ७० टक्के. सरासरीने कोणालाही नापास केले नाही, तिने फक्त काहींना अदृश्य केले. विद्यार्थ्यांची जातवार यादी फलकावर लावा असे येथे कोणी म्हणत नाही. तसे करणे हा अपमानच होईल. परंतु विभागाने स्वतःपुरते, नावे न उघडता, गटवार मोजमाप करून पाहिले नाही, तर आपली शिकविण्याची रीत कोणाला वगळते हे त्याला कधीच कळणार नाही.

तिसरी अडचण परीक्षकाच्या हातातल्या गुणांची आहे. टर्मवर्क, जर्नल, सर्व्हे कॅम्प, ओरल, प्रकल्पाचे सादरीकरण यांचे गुण समोर बसलेला माणूस पाहून दिले जातात. निरंतर मूल्यमापनाच्या नावाने हा वाटा वाढत आला आहे. दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत जातीची विचारणा होते, असे विद्यार्थ्यांनी सांगितल्याची नोंद त्यात आहे. विद्याशाखा बदलली तरी टेबल तेच असते.

आणखी एक अभ्यास आपण नीट वाचला पाहिजे. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात मुलांची एक बक्षीस-परीक्षा घेतली. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात, वय आणि लिंग कोणत्याही क्रमाने, उत्तराशी संबंध न ठेवता लिहिले आणि त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, खालच्या मानलेल्या जातीचे नाव असलेल्या उत्तरपत्रिकांना प्रमाण विचलनाच्या ०.०३ ते ०.०८ इतके कमी गुण मिळाले. फरक लहान आहे, पण आहे. तपासणीच्या सुरुवातीला तो अधिक होता. म्हणजे गुणांचे माप मनात पक्के झालेले नसते तेव्हा परीक्षक जातीचा आधार घेतो. आणि आपल्याला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की हा फरक खालच्या मानलेल्या जातींतल्या परीक्षकांच्या गुणदानातच दिसून आला. केवळ ‘आपला माणूस’ परीक्षकाच्या खुर्चीत बसविल्याने न्याय होतो, या समजुतीला हा धक्का आहे. व्यवस्था खुर्चीवर बसणाऱ्याच्याही मनात राहते. तिला अडविण्यासाठी खुर्चीबाहेर, कागदावर, सर्वांना दिसेल असे माप लागते.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी संघटनांनी मागण्याजोग्या काही गोष्टी स्पष्ट आहेत. तोंडी परीक्षेचे आणि प्रकल्पाचे निकष आधी जाहीर व्हावेत : वीस गुणांपैकी संकल्पनेला किती, मोजमापाला किती, सादरीकरणाला किती, आणि प्रत्येक पायरीवर ‘चांगले’ म्हणजे काय. इंग्रजी बोलण्याची सफाई आणि अभियांत्रिकीची समज हे दोन वेगळे रकाने असावेत. तुळईतील नमन आघूर्ण मराठीत अचूक समजावून सांगणाऱ्याचे गुण इंग्रजी अडखळली म्हणून कापले, तर मोजले गेले ते अभियांत्रिकीचे ज्ञान नव्हे. लेखी उत्तरपत्रिकांवर नाव नसते तसेच शीट आणि अहवाल शक्य तिथे नाव झाकून तपासावेत. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात विद्यार्थ्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले; तो हक्क प्रत्येक वसतिगृहात माहीत असला पाहिजे. आणि समाजाशी जोडलेल्या प्रत्येक साध्यासमोर त्याची परीक्षा घेणारा प्रत्यक्ष प्रश्न दाखविण्याची सक्ती महाविद्यालयांवर व्हावी.

आरक्षणाने आपण महाविद्यालयाच्या दारातून आत आलो. आतल्या मोजपट्टीवरचे अंक कोणी कोरले, हे विचारण्याची वेळ आता आहे. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे मान्य झाल्यावर ते पाणी सर्वांच्या दारी नेणारा नकाशा काढावा लागतो. तो काढणाऱ्या हाताची परीक्षा आपण काय विचारून घेतो, यावर तो नकाशा कोणत्या वस्तीपर्यंत जाईल हे ठरणार आहे.