पिगफेस

औद्योगिक रॉक संगीतातील एक अमेरिकन वादक-गायकसमूह. यंत्रवत आघात, विद्रूप केलेले गिटारनाद व विद्युत्-ध्वनी ही या संगीतप्रकाराची वैशिष्ट्ये होत. ‘मिनिस्ट्री’ या समूहाच्या १९८९–९० मधील दौऱ्यात एकत्र ड्रमवादन करणाऱ्या मार्टिन ॲटकिन्स व विल्यम रिफ्लिन यांनी १९९० मध्ये पिगफेसची स्थापना केली. अन्य समूहांतील कलावंतांनी सवडीप्रमाणे यावे, वाजवावे व परतावे, असे त्याचे स्वरूप होते. गब (१९९१) या पहिल्या गीतसंग्रहात ट्रेंट रेझ्नर, ओगर, क्रिस कॉनेली इ. सहभागी होते, ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी याचे होते. त्यातील ‘सक’ हे गीत रेझ्नरने १९९२ मध्ये आपल्या ‘नाइन इंच नेल्स’ समूहातर्फे पुन्हा सादर केले. रिफ्लिन पुढे दूर झाला. सदस्य बदलत राहिल्याने एकच ठाम शैली घडली नाही. समूहाचे सातत्य मुख्यतः ॲटकिन्सच्या तालवादनाने व संयोजनानेच टिकले.