सुटका झाली... पुढे काय?

छापा, ब्रेकिंग न्यूज, चेहरा ब्लर केलेली मुलगी. आपण बघतो, चुकचुकतो आणि चॅनल बदलतो. पण त्या मुलीची खरी लढाई तर कॅमेरे निघून गेल्यावर सुरू होते!

दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे रोहिणखेडला गेले होते. बुलडाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं गाव. इतिहासवाल्यांना ते निजामशाहीतल्या लढाईमुळे आणि सोळाव्या शतकातल्या मशिदीमुळे ठाऊक असतं. मला मात्र आत्याच्या हातच्या भाकरीमुळे. मोबाइलला रेंज जेमतेम, त्यामुळे ऑफिसचे मेल बंद, डेडलाइन बंद. चार दिवस नुसती ऐश!

तिसऱ्या रात्री जेवताना टीव्हीवर एक बातमी लागली. मुंबईत कुठेतरी छापा, अल्पवयीन मुलींची सुटका. ओढणीनं तोंड झाकलेल्या मुली पोलिसांच्या गाडीत चढत होत्या. आत्यानं भाकरी थापता थापता मान वर केली आणि म्हणाली, "सुटली नं पोरगी... मंग झालं की!"

आत्या निष्ठुर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं उभं आयुष्य काढलं. रिटायर झाली तरी गावातल्या पोरी आईला न सांगता येणाऱ्या गोष्टी आजही तिला येऊन सांगतात. म्हणूनच तिचं ते वाक्य मला टोचलं. खरं सांगायचं तर तिचं काय चुकलं? आपल्यालाही तसंच वाटतं. हीरो दार तोडतो, मुलीला बाहेर काढतो, म्युझिक वाढतं आणि पाट्या सुरू. घरी जायची वेळ झाली.

ताट बाजूला सारून मी तिला १९९६ सालची गोष्ट सांगितली.

छाप्यानंतरचे महिने

५ फेब्रुवारी १९९६. हायकोर्टाच्या आदेशानंतर पोलिसांनी मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात एवढे मोठे छापे घातले, की चारशेहून जास्त मुली आणि तरुणी बाहेर आल्या. त्यातल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या. पेपरांनी हेडलाइन दिल्या, सरकारनं पाठ थोपटून घेतली. आणि मग प्रश्न पडला, की एवढ्या मुलींना ठेवायचं कुठे?

सरकारी सुधारगृहं आधीच भरलेली. मुलींना मिळेल तिथे वाटून टाकलं. तिथे कुलूप होतं, नियम होते, रांगा होत्या. कोठ्यावरही कुलूपच होतं की! नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. कागदपत्रं नाहीत, मग या आमच्याच कशावरून? आणि एचआयव्हीची भीती होतीच. पाच महिने असे गेले. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलै १९९६ मध्ये सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला पोचल्या. तिथे सगळ्यांच्या घरच्यांनी दारं उघडली असं समजू नका. गावात 'मुंबईहून आलेली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे.

या गोष्टीत मला सगळ्यात भारी वाटतं ते याच्या पुढचं. त्या परतलेल्यांपैकी पंधरा जणींनी १९९६ मध्येच स्वतःचा गट काढला, 'शक्ती समूह'. आमच्याविषयी सगळे बोलतात, ठरवतात, आम्हाला कुणी विचारत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्था रजिस्टर करायला नागरिकत्वाचे दाखले लागत, आणि ते मिळवायचे तर घरच्या पुरुषाचा पाठिंबा हवा. घरानंच नाकारलेल्या मुलींनी तो आणायचा कुठून? त्यामुळे नोंदणीला २००० साल उजाडलं. आज ही संस्था छळातून सुटून आलेल्या मुलींसाठी निवारा चालवते, शिक्षणाची सोय करते, कोर्टात सोबत करते. २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिच्या संस्थापकांपैकी एक चरिमाया तामाङ. सोळाव्या वर्षी तिला विकलं गेलं आणि बावीस महिने तिनं कोठ्यावर काढले. परत गेल्यावर तिनं स्वतःच्या नावानं विकणाऱ्यांविरुद्ध केस टाकली. तिच्या जिल्ह्यात असं करणारी ती पहिलीच होती. १९९७ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. ही नावं मी बिनधास्त लिहितेय, कारण ती त्यांनी स्वतः जगासमोर ठेवली आहेत. बाकी कुणाचंही नाव छापायचा हक्क ना मला आहे, ना तुम्हाला फॉरवर्ड करायचा.

आत्या भाकरी थापायची थांबली होती. "नेपाळच्या पोरी... अन् त्याइले मॅगसेसे?" एवढंच म्हणाली.

रात्रीचं घर

याच कामाठीपुऱ्यात त्याच्या दहा वर्षं आधी एक वेगळी सुरुवात झाली होती. प्रीती पाटकर तेव्हा नुकत्या समाजकार्य शिकून बाहेर पडलेल्या. एका गल्लीत त्यांना एकाच घरातल्या तीन पिढ्या, आजी, आई आणि कोवळी नात, गिऱ्हाईकाची वाट बघत उभ्या दिसल्या. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती प्रवीण पाटकर यांनी 'प्रेरणा' सुरू केली.

त्यांनी तिथल्या बायकांनाच विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? उत्तर आलं ते मुलांबद्दल. आई धंद्याला उभी असते त्या वेळात पोरांनी कुठे जायचं? पलंगाखाली? रस्त्यावर? दलाल तर टपलेलेच. म्हणून १९८८ मध्ये प्रेरणानं कामाठीपुऱ्यातच रात्रीचं पाळणाघर काढलं. संध्याकाळी मुलं यायची, जेवायची, अभ्यास करायची, झोपायची आणि सकाळी शाळेत जायची. बस, एवढंच. वाचायला किती साधं वाटतं ना? पण रात्री आठ ते पहाटेपर्यंतचे ते तास सुरक्षित झाले की चौथी पिढी त्या दारात उभी राहत नाही. आयडिया अशा असतात, नाहीतर आपण पीपीटीमध्ये 'होलिस्टिक इंटरव्हेन्शन' लिहितो आणि टाळ्या घेतो.

प्रेरणाच्याच याचिकेवर २००२ मध्ये मुंबई हायकोर्टानं एक महत्त्वाचा निकाल दिला. छाप्यात सापडलेली अठरा वर्षांखालची मुलगी ही गुन्हेगार नाही, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे. तिला तसंच वागवायचं. आणि दलालाची किंवा कोठेवाल्याची केस लढवणाऱ्या वकिलानं त्याच मुलीची बाजू मांडायला उभं राहायचं नाही. हे कोर्टाला सांगावं लागलं, यावरून आधी काय चालायचं त्याचा अंदाज करा.

एकच गोष्ट कितीदा सांगायची?

आपल्या मनात एक 'आदर्श पीडित' बसलेली असते. ती लगेच रडते, लगेच सांगते, सगळं क्रमानं सांगते. प्रत्यक्षात मुली हसतात, भांडतात, खोटं बोलतात, पळून जातात. ज्याच्यापासून सोडवलं त्यालाच फोन करतात. तारखा चुकतात. संस्थेतल्या ताईवर ताट भिरकावतात. याला नाटक म्हणणं सोपं आहे. पण जिवावर बेतलेलं असताना मेंदू डायरी लिहीत बसत नाही. तो थिजतो, तुकडे तुकडे साठवतो. एखादं अत्तर, एखादा दाराचा आवाज, आणि सगळं परत अंगावर येतं.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मधल्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात बरं होण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता. मग जे झालं ते आठवणं आणि त्याचा शोक करणं. मग पुन्हा माणसांत येणं. आपल्याकडे होतं उलटं. सुरक्षित वाटायच्या आधीच मुलीला सगळं सांगायला लावतात. आधी हवालदाराला, मग डॉक्टरला, मग मॅजिस्ट्रेटला, मग वकिलाला, मधेच एखाद्या रिपोर्टरला. (हो, आमची जमातही त्यात आहे. नव्या नव्या जोशात असताना मीही एका मुलीला 'नेमकं काय झालं' विचारलं होतं. ती काही बोलली नाही, नखं कुरतडत राहिली. ती स्टोरी मी लिहिली नाही.)

२०१२ च्या पॉक्सो कायद्यात या सगळ्यावर तोडगे आहेत आणि ते चांगले आहेत. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, आणि युनिफॉर्म न घालता. कोर्टात आरोपी तिच्या नजरेसमोर येता कामा नये. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं, आणि समिती तिला एक सपोर्ट पर्सन देऊ शकते. म्हणजे असं एक माणूस जे तपासापासून निकालापर्यंत तिच्यासोबत राहील. तारीख कधी, कोर्टात काय विचारतील, भरपाईचा अर्ज कुठे, हे सगळं त्यानं बघायचं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं बजावलं, की सपोर्ट पर्सनची गरज आई-वडिलांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. भरपाईसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

कागदावर सगळं झकास. आता हे रोहिणखेडमध्ये ठेवून बघा. पोलीस स्टेशन, हॉस्पिटल, समिती, कोर्ट, प्रत्येकासाठी गावाबाहेर जायचं. म्हणजे एसटी. म्हणजे आईची किंवा बापाची त्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि स्टँडवर उभं राहिलं की, "कुठी चालल्या?" मुंबईत मुलगी गर्दीत हरवू शकते. गावात तारखेला जाणंसुद्धा बातमी होते. म्हणून अशा ठिकाणी सपोर्ट पर्सन ही चैन नाही, एसटीत शेजारी बसणारं माणूस आहे.

शिलाई मशीनच का?

पुनर्वसन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर काय येतं? शिलाई मशीन, मेणबत्त्या, पापड. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं. पण सोळा वर्षांच्या मुलीला तू काय होणार हे विचारायच्या आधी तिच्यापुढे मशीन ठेवणं म्हणजे पुन्हा दुसऱ्यानंच ठरवणं. तिच्याकडून सगळ्यात आधी हिसकावलं गेलं होतं ते 'नाही' म्हणणं. ते परत येतं बारीकसारीक गोष्टींतून. आज जेवायचं की नाही, कुठल्या बाजूला झोपायचं, केस कापायचे का, समुपदेशकाशी आज बोलायचं की नुसतं बसायचं.

सज्ञान झाल्यावर तर प्रश्नच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टानं सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडायचा आदेश दिला. त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे त्या ठरवतील, असं कोर्टानं म्हटलं. अनेकांच्या भुवया उंचावल्या. मला तो निकाल पटतो. लहान मुलीला संरक्षण हवं; बाविशीच्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडलं तर ते संरक्षण राहत नाही.

खरी गोची अठरा ते एकवीसमध्ये होते. बालगृह सुटतं, घर नसतं. २०१५ च्या बालन्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष कारण असेल तर तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाची सोय आहे. तेविसाव्या वर्षी तुम्ही काय करत होता, आठवा. मी बाबांकडून पीजीचं भाडं मागत होते!

आणि याच टप्प्यावर ती आपल्याला भेटते. आपल्याच ऑफिसात, रिसेप्शनवर, बीपीओच्या फ्लोअरवर, शेजारच्या डेस्कवर. तिच्या रेझ्युमेमध्ये तीन वर्षांची गॅप असते. इंटरव्ह्यूमध्ये एचआर हमखास विचारतो, या काळात काय केलंत? 'वैयक्तिक कारण' हे उत्तर तिथेच मान्य व्हायला हवं, बास. कॅन्टीनमध्ये खणून काढायची गरज नाही.

कुणी आपणहून बोललंच तर ऐका. 'तेव्हाच का नाही सांगितलंस?' हा प्रश्न गिळून टाका. मात्र बोलणारी व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पॉक्सोनुसार कळवणं बंधनकारक आहे, आणि ते तिला आधीच प्रामाणिकपणे सांगा. ग्रुपवर एखादी क्लिप आली तर 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा पुढे ढकलू नका. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

निघायच्या दिवशी आत्यानं विचारलं, "मले कोन्या पोरीनं सांगितलं तं म्या काय करू?" मी तिला १०९८ सांगितला. तो मुलांसाठीचा चोवीस तासांचा फोन, तोही १९९६ चाच, मुंबईतच सुरू झालेला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणा चालवते आणि ११२ शी जोडलाय. आत्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दुधाच्या हिशेबाच्या वर तो नंबर लिहिला, आणि थोडं थांबून म्हणाली, "हे शाळेत बी लिवाले पायजे. मुतारीच्या भिंतीवर. तिथी पोरी एकट्या असतात."