‘सेंद्रिय’ मालावरील शिक्का : तो कसा वाचावा व कसा मिळवावा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणारे गिऱ्हाईक ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून पारखते व डाळिंब रंगावरून निवडते. परंतु माल सेंद्रिय आहे किंवा नाही, हे दातास कळत नाही व डोळ्यासही दिसत नाही. तेथे विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि त्या शब्दास आधार म्हणून प्रमाणपत्राची योजना झालेली आहे.

‘नैसर्गिक’, ‘गावरान’ हे शब्द पिशवीवर छापलेले असले तरी ते प्रमाणपत्र नव्हेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीस व सोलापूरच्या डाळिंबास मिळालेले भौगोलिक मानांकनही माल कोठला एवढेच सांगते. तो रासायनिक खताविना पिकविला, असे सांगत नाही.

प्रमाणपत्राचे मुख्य मार्ग दोन. २००१ पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक शेतावर येऊन तपासणी करतो. परदेशी माल पाठवावयाचा तर हाच मार्ग होय. सहभाग हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. यात खर्च अल्प. मात्र एकाच्या चुकीवर पांघरूण घातले की साऱ्या गटाची पत जाते.

सर्वांत अधिक गैरसमज मुदतीविषयी आढळतो. एक हंगाम युरिया दिला नाही म्हणजे ज्वारी सेंद्रिय झाली, असे नव्हे. राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी पिकास पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकास पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे साधारणपणे जावी लागतात. या काळात मेहनत सेंद्रियाची आणि भाव साधा, ही अडचण खरी आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ती शेतकऱ्यास आधीच सांगितलेली बरी. बियाणे कोठून आणले, शेणखत किती घातले, फवारणी कशाची केली, याची नोंद त्याच दिवशी व्हावी. शेजारच्या रानातील औषध वाऱ्याने येत असल्यास बांधालगतची पट्टी सोडून तिचा माल वेगळा ठेवावा.

२०१७ च्या नियमांनुसार ‘जैविक भारत’ हा शिक्का आला. जानेवारी २०२५ मध्ये नवा एकत्रित शिक्का जाहीर झाला. म्हणून चित्रापेक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव व क्रमांक वाचणे अधिक उपयोगाचे. ठरावीक मर्यादेतील लहान उत्पादक स्वतः गिऱ्हाईकास माल विकत असेल तर त्यास प्रमाणपत्राची सक्ती नाही, परंतु शिक्का लावता येत नाही. तोच माल पेठेतील दुकानात ‘सेंद्रिय’ म्हणून ठेवावयाचा झाल्यास मात्र प्रमाणपत्र लागते.